सुदाम म्हैसनेची शेवटची बास्केट

माझ्या बापाच्या फोटोला हार घातला जात होता तेव्हा माझा बाप माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्या हातात कुणीतरी दिलेला गरम आलूबोंडा होता आणि तो खावा की ठेवून द्यावा, हे त्याला कळत नव्हतं.

अकोल्यातल्या एका कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही, कारण तो फोटो तिथं अजून आहे. बोर्डाच्या खांबाला टेकवून एक खुर्ची ठेवलेली, खुर्चीवर फोटो, आणि फोटोखाली पांढऱ्या रंगात लिहिलेलं, ‘कै. सुदाम म्हैसने’. फोटोतल्या पोराचे केस मागे वळवलेले होते आणि त्याचं नाक थेट माझं होतं.

"बाबा, चला इथून," मी म्हणाले.

"थांब. आलो तं बोलूनच जाऊ."

आम्ही आलो होतो माझ्या लग्नासाठी. त्याआधी महिनाभर अकोल्याचे लांडे मला पाहायला मूर्तिजापूरला येऊन गेले होते. मुलाचं नाव शरद, पोस्टात होता. मला तो आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. त्यानं मला काय वाचतेस असं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबला. तोवर आलेल्या मुलांपैकी कुणी असं थांबलं नव्हतं. आई मी लहान असतानाच गेलेली, घरात आम्ही दोघंच, त्यामुळे चहा मीच केला, मीच नेला आणि दाराआड उभं राहून मीच सगळं ऐकलं.

शरदचे मामा, बबनराव ताथोड, भरभरून बोलणारा माणूस. ते म्हणाले, "म्हैसने म्हणजे कोणते? आमच्या कॉलेजात एक सुदाम म्हैसने होता. बास्केटबॉलचा देव माणूस."

बाबा लाजले. आयुष्यभर जिनिंगमध्ये कापूस तोलणारा माणूस, त्याला देव कुणी म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "मीच तो."

मामांनी बशी खाली ठेवली. "काय बोलता? त्या सुदामले तं मी दरसाल हार घालतो."

मग हळूहळू उलगडा झाला. मी आईच्या पोटात होते त्या वर्षी बाबांच्या कॉलेजनं विद्यापीठाची फायनल जिंकली होती. बाबांना कावीळ झालेली, तरी ते खेळले आणि तसेच बैलगाडीत घालून त्यांना गावी नेलं. घरात ती कावीळ त्यांच्या धाकट्या भावाला झाली. बाबा वाचले, विठ्ठलकाका गेले. दूधवाल्यामार्फत कॉलेजात निरोप पोचला तो एवढाच, की म्हैसन्याचा पोट्टा गेला. कॉलेजला कोणता म्हैसने माहीत असणार? एक दिवस कॉलेज बंद राहिलं, शोकसभा झाली. बाबांना यातलं काही कळलं नाही. भाऊ गेला, आजोबांनी अंथरूण धरलं, शिक्षण सुटलं, गाव सुटलं. कॉलेजचं तोंड त्यांनी पुन्हा पाहिलं नाही, आणि तिकडे लोक त्यांचं श्राद्ध घालत राहिले.

आम्हाला वाटलं, सांगितलं की संपलं. पण मामांचा निरोप आला : सुदाम म्हैसने मेलेला आहे हे अख्ख्या अकोल्याला माहीत आहे, तेव्हा पोरीचा बाप म्हणून बसलेला माणूस कोण, हे कळल्याशिवाय पुढची बोलणी नाहीत. पहिल्या प्रॅक्टिसच्या बैठकीला या. सुदामला पाहिलेली माणसं तिथं असतात. ती म्हणतील ते खरं.

ही बैठक म्हणजे त्या लोकांचा सण होता. पावसाळा सरत आला, मैदान वाळलं, की पहिल्या प्रॅक्टिसच्या दिवशी कॉलेजच्या टीमचे सगळे जुने चाहते बाजूच्या पायऱ्यांवर जमत. आधी सुदामला हार, मग दोन मिनिटं शांतता, आणि त्यानंतर एकेकानं उठून यंदाचं भाकीत सांगायचं. ज्याचं भाकीत सपशेल आपटेल त्यानं पुढच्या वर्षी सगळ्यांना आलूबोंडे द्यायचे. त्यातल्या बहुतेकांनी जन्मात बॉल हातात धरला नव्हता, पण बोलणं असं की पोरं यांच्या जिवावरच उड्या मारतात.

आम्ही पोचलो तेव्हा हार अजून घालायचा होता, पण चर्चा रंगात आली होती.

"सेंटरचा पोट्टा उंच हाये, पण डोक्यानं ठार," एक जण म्हणत होता. "बॉल हातात आला की त्याले पाहुणा आल्यासारखं वाटते."

"अमरावतीवाले यंदा कच्चे हायेत. त्यांचा गार्ड पास होऊन गेला."

"पास झाला? मग खेळाडू कायचा?"

सगळे हसले. मग कुणीतरी पळसोकर नावाच्या जुन्या खेळाडूचा विषय काढला, तो म्हणे दोन माणसांच्या मधून बॉल काढायचा आणि त्या दोघांची टक्कर व्हायची. कुणाला जठार आठवला, जो फ्री थ्रोआधी बुटाला हात लावून नमस्कार करायचा. आणि दर दोन वाक्यांनंतर कुणीतरी म्हणायचं, "पण सुदामची गोष्टच येगळी." बाबा खाली मान घालून ऐकत होते. मला एकाच वेळी हसू येत होतं आणि त्या सगळ्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं.

या मंडळींचे म्होरके होते वसंतभाऊ गावंडे. कॉलेजसमोर त्यांचं कापडाचं दुकान, टीमच्या जर्स्या त्यांच्याकडून यायच्या, त्यामुळे टीमच त्यांची. त्यांच्या शेजारी बिडकर सर, प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. दोघांनीही ती फायनल पाहिलेली होती. मामा मात्र कॉलेजात आले तेव्हा सुदाम त्यांच्या लेखी मेलेलाच होता, म्हणूनच त्यांचं प्रेम सगळ्यांत जास्त.

हार घालून झाला तसं मामांनी आम्हाला पुढं केलं. "वसंतभाऊ, हेच ते. म्हणतात, मी सुदाम म्हैसने."

वसंतभाऊंनी बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. कापसाच्या धुळीनं बाबांची छाती गेली होती, पाठीला बाक आला होता, टोपीखाली केस उरले नव्हते. खुर्चीवरच्या त्या पोराशी त्यांचं काही जमत नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

"सुदाम या खांबाएवढा होता," वसंतभाऊ म्हणाले.

"तेवढा कधी नव्हतो," बाबा म्हणाले. "आता तं अजून कमी झालो."

मी पिशवीतून रेशनकार्ड काढलं. वसंतभाऊंनी ते हातातही घेतलं नाही. "पोरी, कागदावर माणूस कोणतंही नाव लिहिते."

तेवढ्यात मैदानातून शिट्टी वाजवत टीमचे कोच आले. रफिक सर. शाळेत पीटीचे मास्तर होते आणि संध्याकाळी या पोरांना फुकट शिकवायचे. ते पोरांवर ओरडत येत होते. बाबांवर नजर पडली आणि त्यांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

"सुद्या?"

"रफ्या," बाबा म्हणाले.

रफिक सरांनी बाबांचे दोन्ही खांदे धरले, मग गाल चाचपले, लहान पोराचे चाचपतात तसे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अरे, मी तुझ्यासाठी रडलो ना बाप्पा. घरी सांगितलं, माझा भाऊ गेला म्हणून. तू कुठं होता?"

"मूर्तिजापुरात," बाबा म्हणाले, आणि दोघंही हसता हसता रडले. मला वाटलं, चला, सुटलो. एका टीममध्ये खेळलेला माणूस ओळख देतोय, आता आणखी काय पाहिजे? मी मामांकडे पाहिलं. मामांचाही चेहरा उजळला होता, त्यांनी बाबांना हात जोडायला घेतले होते.

"थांबा हो बबनराव," वसंतभाऊ म्हणाले. "सर भावनेच्या भरात हायेत. आपण एकच विचारू. शेवटची बास्केट."

सगळे सावरून बसले. पोथी सुरू होण्याआधी बसतात तसे. आणि वसंतभाऊंनी उभं राहून ती गोष्ट सांगितली. अंगात ताप. एका पॉइंटनं मागं. वेळ संपत आलेली. सुदामनं मधल्या रेषेच्याही अलीकडून, डाव्या हातानं बॉल भिरकावला, बॉल रिंगला न शिवता आत गेला, आणि सुदाम जागच्या जागी कोसळला. सांगताना वसंतभाऊंचा आवाज भरून आला. ते ढोंग नव्हतं. त्या माणसानं कितीतरी वर्षं ही गोष्ट जिवापाड सांभाळली होती.

"आता तुम्ही सांगा," बिडकर सर बाबांना म्हणाले. "त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?"

माझे बाबा कधी खोटं बोलत नसत. तो गुण नव्हे, त्यांना ते जमायचंच नाही. ते म्हणाले, "सर, ती बास्केट मी नाही केली. मी तं बाहेर होतो, बादलीजवळ. ओकून राहिलो होतो. रफ्यानं केली. बोर्डाले लागून बॉल वापस आला, यानं तसाच वरती ठेवला. जवळूनच होती. पण हिमतीची होती."

वसंतभाऊ रफिक सरांकडे वळले.

"रफिक सर?" वसंतभाऊ म्हणाले.

रफिक सर घुटमळले. "हो. मीच केली होती." ते हळू आवाजात बोलत होते. "शोकसभेत कोणीतरी म्हटलं, सुदामची शेवटची बास्केट. मले वाटलं, बिचारा गेला. राहू द्या त्याच्याजवळ. मग तेच चालू राह्यलं."

"आणि एवढी वर्षं तुम्ही मूग गिळून बसले?"

"मेलेल्या दोस्ताजवळून काय हिसकून घेऊ?"

"मग आज काऊन घेता?" वसंतभाऊंचा आवाज चढला. "आज एक माणूस कुठून तरी येते, तुम्ही त्याले मिठी मारता, तो म्हणते बास्केट तुमची. जुळवून आणलं वाटते दोघांनी. यंदा टीम चांगली हाये, शिल्ड येईन, अन् नाव तुमचं व्हावं. हेच ना?"

"वसंतभाऊ, तोंड सांभाळा."

"मी सांभाळतो. तुम्ही कोचिंग सांभाळा. ते ठेवाचं का नाही, कमिटी पाहून घेईन."

मागून कुणीतरी "बरोबर हाये" म्हणालं. आणखी दोघं-तिघं म्हणाले. रफिक सर त्या पायऱ्यांकडे पाहत राहिले. ज्यांच्यात ते इतकी वर्षं बसले त्यांतला एकही त्यांच्या बाजूनं उठला नाही. खरं बोलण्यात त्यांचा फायदा होता, म्हणून त्यांचं खरं खोटं ठरलं. सुदाम जिवंत निघाला असता तर चालून गेलं असतं कदाचित, पण ती बास्केट गेली असती तर त्या लोकांजवळ मग उरलं काय असतं? आलूबोंडे.

मामा उठले. चेहरा पडला होता. "चला. मी घरी सांगतो, हे स्थळ सोडा म्हणून. असल्या माणसाशी सोयरीक नको." ते माझ्याकडे पाहत नव्हते. शरद पुन्हा दिसणार नाही, हा एवढाच विचार मनात आला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

"एक मिनिट," बिडकर सर म्हणाले. शांत माणूस. फोटोकडे आणि बाबांकडे आळीपाळीनं पाहत होते. "चेहरेपट्टी आहे. नाक, कपाळ. हे काही सहज होत नाही. सुदामला भाऊ होता का?"

"होता," बाबा म्हणाले. "विठ्ठल."

"मग तुम्ही विठ्ठल आहात. उगाच का ताणता?"

बाबांनी निघालेल्या मामांच्या पाठीकडे पाहिलं, मग रफिक सरांकडे, आणि शेवटी माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. काय होणार ते मला कळलं आणि मी त्यांची बाही धरली.

"बाबा, नका."

त्यांनी माझा हात हळूच सोडवला. मग पायऱ्यांकडे वळून हात जोडले. ज्याला जन्मात खोटं जमलं नाही तो माणूस म्हणाला, "सर, तुम्ही बरोबर ओळखलं. मी विठ्ठल. सुदाम माझा मोठा भाऊ. त्याचं लगन लवकर झालं होतं. तो गेला तेव्हा ही पोटात होती. मागून वहिनीही गेली. बिनबापाची पोरगी म्हटल्यावर चांगली स्थळं येत नाहीत, म्हणून मीच बाप होऊन बसलो. नोकरीलेही त्याचंच नाव लावलं, तो मॅट्रिक होता, मी नव्हतो. चुकलो. पण पोरीचा यात काही दोष नाही."

"आणि बास्केट?" वसंतभाऊंनी विचारलं.

"मी मॅच पाह्यलीच नव्हती. मले काय ठाव?" बाबा रफिक सरांकडे न पाहता म्हणाले. "सरायलेही अंदाज नाही आला. आम्ही भाऊ दिसायले सारखेच होतो."

सगळे रफिक सरांकडे पाहू लागले. त्यांनी खाली पडलेली शिट्टी उचलली, शर्टाला पुसली. "हो," ते म्हणाले. "उजेड कमी हाये. मीच चुकलो."

ऊन चांगलं लख्ख होतं.

मग जे झालं ते फार वाईट होतं, कारण ते फार चांगलं होतं. मामा परत आले आणि बाबांच्या गळ्यात पडले. "विठ्ठलराव, आधीच सांगायचं ना. अहो, भावाच्या पोरीसाठी एवढं कोण करते?" मग माझ्याकडे वळले, डोळ्यांत पाणी. "म्हणजे तू आमच्या सुदामची पोरगी. आमच्या घरात सुदामची पोरगी येणार." लोक पायऱ्या उतरून माझ्याभोवती जमले. कुणी म्हणालं, उंची पाह्य, बापाची घेतली. कुणी डोक्यावर हात ठेवला. वसंतभाऊंनी मला दुकानात येऊन लग्नाचा शालू घेऊन जायला सांगितलं, आणि ते मनापासून सांगितलं. माझा बाप गर्दीच्या बाहेर ढकलला गेला होता. मला फक्त त्यांची टोपी दिसत होती.

हार आधीच घातलेला होता, म्हणून त्यांनी विठ्ठलरावांच्या ओंजळीत फुलं दिली. सख्ख्या भावाच्या हातून श्रद्धांजली, असं बिडकर सर म्हणाले. बाबांनी फुलं फोटोपुढं ठेवली. सगळे उभे राहिले. पोरांनी बॉल खाली ठेवले. दोन मिनिटं कुणी हललं नाही, आणि त्या शांततेत फक्त बाबांच्या छातीची घरघर ऐकू येत होती. वसंतभाऊ अगदी शेजारी उभे होते. त्यांनी डोळे मिटलेले होते.

"चला, भाकितं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे पुन्हा पायऱ्यांवर गेले.

सुदामची पोरगी आली म्हणजे यंदा शिल्ड आपलीच, असं वसंतभाऊंचं भाकीत होतं. त्या वर्षी टीम पहिल्याच फेरीत हरली. रफिक सरांना त्यांनी काढलं.

एसटी स्टँडवर मी बाबांशी भांडले. लोक बघत होते तरी भांडले. म्हणाले, मला नको असलं लग्न, मी आत्ता जाऊन सांगते. ते बाकावर बसून दम खात होते.

"पोट्टा चांगला हाये," ते म्हणाले. "तुले आवडला. मी दाराआड तुले पाह्यलं ना त्या दिवशी."

"आणि तुम्ही?"

"मी हावोच की. मूर्तिजापुरात सारे मले सुदामभाऊच म्हणतात. तिकडं जाऊन थोडंच मरतो?" थोड्या वेळानं ते म्हणाले, "फक्त आतापासून काका म्हणाची सवय लाव. लग्नात चुकलीस तं घोळ होईन."

मी म्हटलं नाही. तेव्हाही नाही आणि एसटीतही नाही. पण लग्नात म्हटलं. त्यांनी माझं कन्यादान चुलता म्हणून केलं, आणि पत्रिकेत त्यांच्या नावामागे कैलासवासी छापलेलं होतं. शरदला मी पहिल्या वर्षातच सगळं सांगितलं. तो म्हणाला, मामा आहेत तोवर राहू दे. मामा अजून आहेत.

बाबा सहा वर्षांनी गेले, छातीनंच. फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. सासूबाई म्हणाल्या, चुलत्याचं सुतक काही मोठं नसतं, आंघोळ केली की झालं, संध्याकाळपर्यंत ये, पोरं लहान आहेत. त्या वाईट नव्हत्या. त्यांना जे माहीत होतं त्याप्रमाणे बरोबरच बोलल्या. मी गेले. जिनिंगची माणसं होती. रफिक सर होते, त्यांनी शेवटपर्यंत खांदा बदलू दिला नाही. अग्नी मी दिला. तिथं मला कुणी अडवलं नाही, कारण तिथं सगळ्यांना माहीत होतं मी कोण.

संध्याकाळी घरी आले, आंघोळ केली, पुन्हा स्वयंपाकाला लागले. मामा मुद्दाम भेटायला आले होते. मी पाणी दिलं तर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"बाप तर तू पाह्यलाच नाहीस, पोरी," ते म्हणाले. "पण हा माणूस तुले बापासारखाच होता."

मी हो म्हणाले.